एका हेडची चौकशी

जुने जनावर विकत घेण्याचे एक परिपूर्ण शास्त्र आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे, आणि त्या शास्त्राचा गंध नसलेला मनुष्य मराठवाड्यातील कोणत्याही आठवडी बाजारात बैलाच्या फार जवळ जाण्याचे धाडस सहसा करीत नाही. बैलाचे दात पाहावेत, खूर पाहावेत, वशिंडावर थाप मारावी, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ याचा निवाडा एखाद्या जाणत्याकडून करून घ्यावा, त्याला चार पावले चालवून आणि जमल्यास गाडीला जुंपून पाहावे, आणि एवढे सारे यथासांग पार पडल्यावर रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवावा, अशी त्या शास्त्राची सर्वमान्य कलमे आहेत. या साऱ्या कलमांच्या बुडाशी जे एक तत्त्व आहे, ते कोणत्याही न्यायासनाला भूषणावह ठरेल असे आहे. विकणारा बोलतो, म्हणून तो खोटे बोलू शकतो. बैल बोलत नाही, म्हणून त्याला खोटे बोलता येत नाही. सबब साक्ष बैलाची घ्यावी.

परंतु हाच चिकित्सक मनुष्य जेव्हा बैल विकून ट्रॅक्टर घेतो, आणि कालांतराने त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे हेड तडकल्यामुळे कोणाचे तरी जुने, दुरुस्त केलेले हेड विकत घेण्याचा प्रसंग त्याच्यावर ओढवतो, तेव्हा वाडवडिलांचे हे तत्त्व तो गोठ्यातच ठेवून येतो. लोखंडाकडे पाठ करून तो विकणाऱ्यासमोर मांडी घालून बसतो. त्याचे गाव, त्याची सोयरीक, त्याच्या वडिलांचा स्वभाव आणि त्याच्या चहातील साखरेचे प्रमाण यांवरून हेडच्या प्रकृतीविषयी अनुमाने काढतो. आणि ज्या मुक्या साक्षीदाराला सारे काही ठाऊक आहे, तो कोपऱ्यात पोत्यावर पालथा पडून राहतो. अशी एक चौकशी घाटनांदूरला माझ्या देखत पार पडली, आणि तिचा वृत्तांत सार्वजनिक हिताच्या दृष्टीने नमूद करून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील, बालाघाटाच्या अंगावर वसलेले गाव. परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणारा निजामी अमदानीतील लोहमार्ग या गावाला एक स्टेशन बहाल करून पुढे जातो. एका दिशेला वैजनाथाचे ज्योतिर्लिंग, दुसऱ्या दिशेला अंबाजोगाईची योगेश्वरी, आणि त्याच अंबाजोगाईला, शके 1110 मध्ये ‘विवेकसिंधु’ रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी, असा हा सारा परिसर आहे. इतका विवेक इतक्या जवळ असताना येथील माणसाच्या हातून खरेदीत चूक होऊ नये, अशी कोणाचीही अपेक्षा राहील, आणि ती रास्तच आहे. येथे चूक सहसा होत नाही, विलंब होतो. विवेक एका माणसाचा असला तर त्यातून निर्णय निघतो, आणि साऱ्या गावाचा असला तर त्यातून बैठक निघते.

ज्या ट्रॅक्टरमुळे ही बैठक भरली तो आमच्या दाजींचा. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, नवरा-बायकोच्या जोडीला त्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणून मोजतात, मुकादम त्यांना आगाऊ उचल देतो, आणि उसाच्या वाहतुकीसाठी ट्रॅक्टरमालक हंगामापुरता करारबद्ध होतो, हे सर्वश्रुत आहे. या साखळीतला प्रत्येक मनुष्य दुसऱ्याच्या पैशाने बांधलेला असतो, आणि सारेजण मिळून ट्रॅक्टरने बांधलेले असतात. अशा परिस्थितीत टोळी निघण्याच्या तोंडावर, सोयाबीनचे कट्टे भरलेली ट्रॉली घाटाने चढवीत असताना, दाजींच्या ट्रॅक्टरने प्रथम वाफ, नंतर पांढरा धूर आणि शेवटी मौन धारण केले. पाणी कमी पडून इंजिन तापले, यात कोणालाच शंका नव्हती. रेडिएटरमध्ये पाणी घातले होते, असे चालकाने शपथेवर सांगितले. ते केव्हा घातले होते, हे मात्र त्याला कोणी विचारले नाही आणि त्याने आपण होऊन सांगितले नाही. पुढे त्या सत्प्रवृत्त तरुणाने जे केले, ते धर्मशास्त्रदृष्ट्या निर्दोष आणि यंत्रशास्त्रदृष्ट्या प्राणघातक होते. तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखे पुण्य नाही, या भावनेने त्याने शेजारच्या वस्तीवरून थंड पाण्याची घागर आणली आणि ती तापून लाल व्हायच्या बेतात असलेल्या इंजिनात तत्काळ रिकामी केली. आत कोठेतरी ‘टक्’ असा एक अल्पाक्षरी आवाज झाला.

आता या अपघाताचा सारा दोष त्या चालकावर टाकणे न्यायाचे होणार नाही. ज्या भागाला लागून असलेल्या लातूर शहराला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणून पाजावे लागले, त्या भागात वाढलेल्या माणसाला पाणी यंत्राला घालताना थोडे जड जाणारच. आणि घरच्या माणसांचे पुरते झाल्यावर इंजिनाचा विचार करावा, ही त्याची क्रमवारी माणुसकीला धरूनच आहे. शिवाय येथील बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त, की ते नियमाने घातले तरी हेडच्या आतील पाण्याच्या वाटांवर पांढरा थर चढवीत जाते, उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग अडवते, आणि पाणी असूनही इंजिनाचा घसा कोरडा ठेवते. म्हणजे पाणी घालावे तर थर, न घालावे तर तडा. कंपनीने सांगितलेले कूलंट हा तिसरा मार्ग पुस्तकात छापलेला असतो, आणि पुस्तक ट्रॅक्टर घेतल्या दिवसापासून देव्हाऱ्यात ठेवलेले असते.

हेड ही वस्तू ज्यांनी केवळ ऐकून माहीत करून घेतली आहे, त्यांच्यासाठी तिचे कार्य संक्षेपाने सांगणे इष्ट होईल. इंजिनाच्या नळकांड्यांवर घट्ट बसविलेले जे जाडजूड ओतीव लोखंडाचे झाकण, ते हेड. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व त्याच्यातच राहतात, डिझेलचा फवारा मारणारे नोझल त्याच्यातूनच डोके खाली काढते, आणि या सर्व बिऱ्हाडांच्या मधल्या बोळांतून पाणी फिरते. खालून पिस्टन वर येतो आणि हवा मूळ आकारमानाच्या सोळा-सतरा हिश्श्यांपैकी एका हिश्श्यात कोंबतो. त्या दाबाने हवा इतकी तापते, की ठिणगीवाचूनच डिझेल पेट घेते. ज्वालेचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या घरात जाते, आणि खुद्द ओतीव लोखंड बाराशे अंशांच्या आसपासच वितळते. तात्पर्य, जी वस्तू वितळावी अशी सर्व सिद्धता झालेली आहे, तिला बोटभर भिंतीपलीकडून वाहणारे पाणी प्रतिक्षणी वाचवीत असते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 साली हे इंजिन यशस्वी करून दाखविले, आणि 1913 साली तो इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीवरून रात्री नाहीसा झाला. त्याच्या मृत्यूविषयी आजवर नाना तर्क झाले आहेत, आमच्या मिस्तरींना मी ही हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता विचारले, “कुण्या गिऱ्हाइकानं गाठलं असंल त्याला?”

हे मिस्तरी म्हणजे आमच्या गावातील एक संस्थाच. 1946 साली किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, आणि पुढल्या दोन-तीन दशकांत विहिरीवरची मोट जाऊन तिच्या जागी एका नळकांड्याचे इंजिन फटफटू लागले. त्या काळात मिस्तरींच्या वडिलांनी बांधाबांधावर बसून व्हॉल्व घासले, आणि मुलाला अक्षरओळखीपूर्वी नटबोल्टची ओळख करून दिली. वीज आली, मोटारपंप आले, ती इंजिने मांडवाच्या खांबाशी गंजत पडली. परंतु त्यांनी शिकविलेला हात गावात राहिला. मिस्तरींनी दाजींच्या इंजिनाची ऑइलची पट्टी काढली, तिच्यावरचा दुधट, फेसाळ थर बोटावर घेतला आणि निदान जाहीर केले, “ऑइलची कॉफी झाली, मालक. पाणी आन्‌ ऑइल एक झालं.” मग हेड उतरले. दोन व्हॉल्वच्या मध्ये जी अरुंद पट्टी असते, तेथे केसाच्या जाडीची एक रेघ आडवी गेलेली होती. आणि ती रेघ इतकी नाजूक, इतकी निरुपद्रवी दिसत होती, की हिच्यापायी एका मुकादमाची उचल, कित्येक कोयत्यांचे पोट आणि दाजींचे बँकेचे हप्ते अडून बसतात, हे सांगूनही कोणाला पटले नसते.

प्रश्न उरला तो असा. नवे हेड मागवावे, तर किंमत भरमसाट, आणि माल केव्हा येईल याविषयी वितरकाचे उत्तर इतके मोघम, की त्यात महिनाही बसला असता आणि हंगामही. तालुक्याच्या गावी एका गाळ्यात तशाच ट्रॅक्टरचे दुरुस्त केलेले हेड निम्म्याहून कमी किमतीत आणि त्याच दिवशी मिळत होते. सबब स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चहाच्या टपरीसमोर, सायंकाळच्या वेळी, ज्यांचा या विषयाशी संबंध होता आणि ज्यांचा नव्हता अशा सर्वांची बैठक भरली. आणि प्रथेप्रमाणे दुसऱ्या वर्गाचे मताधिक्य होते.

बैठकीत लवकरच दोन पक्ष पडले. ‘नवेच घ्या’ हा पक्ष तत्त्वनिष्ठ, निर्भीड आणि ट्रॅक्टर नसलेल्यांचा होता. पैसा दुसऱ्याचा असला, की मनुष्य उच्च दर्जाविषयी किती आग्रही होतो, याचे मनोज्ञ दर्शन त्या पक्षाच्या भाषणांतून घडले. ‘जुनेच घ्या’ हा पक्ष अनुभवी होता. त्यातील प्रत्येकाने कधी ना कधी जुना सुटा भाग घेतलेला होता, तो टिकला असल्यास स्वतःच्या पारखीचे आणि न टिकल्यास चालकाच्या नालायकीचे उदाहरण म्हणून सांगण्याची त्यांची तयारी होती, आणि त्यांच्यापैकी निदान दोघांच्या पुतण्यांकडे विकाऊ हेड पडून होते. जुने ओतीव काम तापून-निवून मुरलेले असते, म्हणून नव्यापेक्षा पक्के असते, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद. त्यावर मिस्तरी इतकेच म्हणाले, “मुरलेलं चांगलंच असतंय. पण मुरलेलं आन्‌ मेलेलं, दोन्ही वरून सारखंच दिसतंय.”

शाळेतील विज्ञानाचे गुरुजी बैठकीला हजर होते. त्यांनी टपरीच्या फळीवर खडूने उष्णतेमुळे होणाऱ्या प्रसरणाचे सूत्र मांडले. लोखंडाचा एक भाग तापलेला आणि दुसरा एकाएकी थंड झालेला असला म्हणजे आत ताण कसा उत्पन्न होतो, ओतीव लोखंडात कर्बाचे प्रमाण अधिक असल्याने ते वाकण्याऐवजी कसे तडकते, हे त्यांनी अत्यंत विशद आणि सर्वस्वी बिनचूक सांगितले. त्यांच्या विवेचनात भावाचा उल्लेख नसल्यामुळे कोणी लक्ष दिले नाही.

बैठकीवर खरी छाप पडली ती तहसिलीतून निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनांची. त्यांचे वडील, अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत त्या काळात, निजाम सरकारच्या कचेरीत पेशकार होते. 1948 च्या सप्टेंबरात ते राज्य गेले, हाली सिक्काही पुढे चलनातून गेला. परंतु त्या कचेरीची भाषा या घराण्याने वडिलोपार्जित इनाम समजून जतन केली होती. त्यांनी चष्मा पुसला, कागद मागविला, आणि विचारार्थ एक याद तयार केली. हेडचा मूळ मालक कोण. ते त्याच्या कब्जातून कोणत्या कारणाने गेले. खरेदीचा दस्त आहे किंवा कसे. यापूर्वी दुरुस्ती झाली असल्यास केव्हा, कोणाच्या हस्ते, आणि तिचा दाखला. हेडवर कोणाचा बोजा अगर हक्क आहे काय. विक्रेता हमी देण्यास राजी आहे काय. असल्यास जामीन कोण. मूळ मालक मयत असल्यास वारसांची संमती घ्यावी, असे एक कलम त्यांनी शेवटी घातले. लोखंड कोठे चिरले आहे काय, याचा रकाना त्या यादीत नव्हता. तो तांत्रिक बाबीचा प्रश्न असल्याने यथावकाश पुरवणी यादीत घेता येईल, असा त्यांचा अभिप्राय पडला.

दुसऱ्या दिवशी दाजी, मिस्तरी, अव्वल कारकून आणि सुशिक्षित साक्षीदार या नात्याने मी, असे शिष्टमंडळ तालुक्याच्या गावी दाखल झाले. गाळ्याचे मालक मोठे अगत्यशील निघाले. आम्ही बसतो न बसतो तोच चहा आला, आणि चहाबरोबर हेडही आले. ते पाहून दाजींच्या चेहऱ्यावर वधूपरीक्षेतील प्रसन्नता पसरली, कारण हेड नखशिखान्त चंदेरी रंगाने रंगविलेले होते. गाळेवाले म्हणाले, “दाजी, हात लावून बघा. नव्याच्या तोंडात मारील.” त्यांनी दाजींना ‘दाजी’ म्हणावे, हे नाते कोणत्या मार्गाने जुळते याचा शोध लगेच सुरू झाला, आणि अर्ध्या तासात ते गाळेवाल्यांच्या मावशीच्या सासरपर्यंत जाऊन पोचले. तेथून परत येईपर्यंत निम्मा सौदा झाल्यासारखाच होता.

मग अव्वल कारकुनांनी याद उघडली. मूळ मालक कोण, या प्रश्नास उत्तर मिळाले, “चांगला माणूस होता.” विक्रीचे कारण काय, यास उत्तर आले, “त्यांनी दुसरा ट्रॅक्टर घेतला.” दुरुस्ती काय झाली, यावर गाळेवाले क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, “दुरुस्ती म्हणजे तसं काही नाही, नुसतं साफ केलंय.” नुसते साफ केलेल्या हेडला रंग का दिला, असे मी विचारले, तेव्हा गंजू नये म्हणून, असे समर्पक उत्तर मिळाले. हमीविषयी विचारता ते छातीवर हात ठेवून म्हणाले, “गाडी चालू होईपर्यंत सगळी जबाबदारी माझी.” अव्वल कारकुनांनी हे वाक्य जसेच्या तसे उतरून घेतले आणि कौतुकाने मान हलविली, गाडी चालू झाल्यानंतरच हेडचे काम सुरू होते, ही गोष्ट त्या वाक्याच्या सौंदर्यात कोणाच्या ध्यानी आली नाही.

एवढा वेळ मिस्तरी काही बोलले नव्हते. चहा संपवून त्यांनी पिशवीतून एक सरळ पोलादी पट्टी आणि फीलर गेजचा जुडगा काढला, हेड पालथे केले, आणि पट्टी त्याच्या खालच्या सपाट अंगावर उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या अंगांनी धरून पट्टीखाली पातळ पाती सरकते का ते पाहू लागले. गाळेवाले म्हणाले, “मिस्तरी, बेंड नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.” मिस्तरी मान वर न करता म्हणाले, “तुमच्यावर हाय की. बेंड हाय का नाही ते पट्टी सांगंल.” बैलाचे शास्त्र माहीत असलेला मनुष्य त्या गाळ्यात मला प्रथम भेटला तो त्या क्षणी.

आणि एकदा साक्ष सुरू झाल्यावर लोखंड घडाघडा बोलू लागले. पट्टीखाली पाती गेली नाही, म्हणजे हेड सपाट होते. परंतु ते इतके सपाट का, हा पुढचा प्रश्न निघाला. वाकडे झालेले हेड घासून सपाट करतात, ही सर्वमान्य दुरुस्ती होय. तथापि प्रत्येक घासणीगणिक हेड पातळ होते, व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात, नोझलचे टोक ठरल्यापेक्षा पुढे डोकावते, आणि एका मर्यादेनंतर पिस्टन आणि व्हॉल्व यांची प्रत्यक्ष भेट होऊन दोघांचाही शेवट होतो. म्हणूनच कंपनी जाडीची किमान मर्यादा ठरवून देते. मिस्तरींनी व्हर्नियर लावला. जाडी मर्यादेच्या अगदी काठावर आली होती. नंतर त्यांनी खिळ्याच्या टोकाने व्हॉल्वमधील पट्टीवरचा चंदेरी रंग अलगद खरवडला, तेव्हा खालून राखाडी रंगाचे एम-सील निघाले. ज्याने घराघरांतल्या गळक्या टाक्या आणि नळाचे जोड सांधले, त्या सत्पात्र पदार्थाला येथे दोन हजार अंशांच्या ज्वालेसमोर उभे केलेले होते. गाळेवाले ते पाहून स्वतःच थक्क झाल्याचे दिसले, आणि ‘पोरांनी’ हे केव्हा केले याबद्दल त्यांनी पोरांच्या गैरहजेरीत तीव्र नापसंती व्यक्त केली.

येथे एका गोष्टीचा खुलासा करणे अवश्य आहे. तडा सांधणे हा गुन्हा नव्हे; ती विद्या आहे, आणि ती ज्याला येते त्याच्यापुढे हात जोडावेत अशी आहे. ओतीव लोखंडाला वेल्डिंग करायचे, तर ते आधी भट्टीत पाच-सहाशे अंशांपर्यंत सावकाश तापवावे लागते, निकेलच्या कांडीने जोड भरावा लागतो, आणि मग ते राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर हळूहळू निवू द्यावे लागते; यात घाई केली, की जोडाच्या शेजारीच दुसरा तडा जातो. दुसरी रीत शिलाईची. तड्याच्या रेषेवर एकमेकांत शिरतील अशी छिद्रे पाडून त्यांत आटेदार खिळ्या बसवितात, त्या कापून, ठोकून, घासून एकजीव करतात, आणि या साऱ्या कामात उष्णता लागतच नसल्याने नवा ताण उत्पन्न होत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून तो तालुक्याच्या गावातील एखाद्या लेथवाल्यापर्यंत हे काम निगुतीने करणारे कारागीर आपल्या महाराष्ट्रात आहेत. दुरुस्त केलेले हेड आणि रंगविलेले हेड यांत जो फरक आहे, तो त्यांच्या श्रमाचा आहे. आणि बाजारात दोघांना एकाच नावाने हाक मारतात, ही त्यांच्यावरील मोठी बेइन्साफी आहे.

असे एक हेड त्याच गाळ्याच्या मागल्या बाजूला टायरांखाली पडलेले मिस्तरींच्या दृष्टीस पडले. ते दिसण्यात अगदीच गबाळे होते. त्याला रंग नव्हता. अंगावर तेलकट काजळी होती. आणि व्हॉल्वच्या मधोमध शिलाईच्या खिळ्यांची एक ओळ बोटाला लागावी इतकी स्पष्ट उठून दिसत होती. दाजींनी त्याच्याकडे पाहून नाक मुरडले. गाळेवालेही संकोचून म्हणाले, “ते कशाला बघता, ते फुटलेलं होतं.” विकणाऱ्याने दिवसभरात उच्चारलेले हे पहिले निखळ सत्य वाक्य, आणि त्यापायीच तो माल निकृष्ट ठरत होता! ज्याचा तडा दिसतो ते फुटके, आणि ज्याचा झाकलेला आहे ते अखंड, हा न्याय आपण माणसांनाही लावतो, मग लोखंडाने त्यातून सूट कोणत्या आधारावर मागावी?

मिस्तरींनी दोन्ही हेड पाण्यात घालून तपासण्याचा आग्रह धरला. ही परीक्षा अशी असते: हेडमधील पाण्याच्या सर्व वाटा पत्रा आणि रबर लावून बंद करायच्या, एका वाटेने दाबाची हवा भरायची, आणि हेड गरम पाण्याच्या हौदात बुडवायचे. पाणी गरम अशासाठी, की थंडपणी मिटलेला तडा उष्णतेने तोंड उघडतो. तडा असला तर बुडबुडे येतात, नसला तर येत नाहीत. मधली स्थिती नाही, तारीख पडत नाही, आणि अपिलाची सोय नाही. एवढी स्वस्त, एवढी निःपक्षपाती परीक्षा उपलब्ध असूनही ती क्वचितच घेतली जाते, कारण तिच्यात चर्चेला वाव नसतो. गाळेवाल्यांनी प्रथम पाण्याची टंचाई पुढे केली. जे हेड पाण्यावाचून मेले त्याच्या चौकशीसाठीही पाणी मिळू नये, हे ऐकून अव्वल कारकून खवळले, आणि ‘साक्षीदारास हजर न करणे हे कसूर होय’ असे त्यांनी उभे राहून सुनावले. शेजारच्या लेथवाल्याकडे हौद निघाला, पाणीही निघाले.

चंदेरी हेड बुडताच बुडबुड्यांची एक अखंड माळ वर आली. गाळेवाले म्हणाले, ती बाहेरची हवा असेल. दाजींना ते क्षणभर पटलेसुद्धा, कारण मावशीच्या सासरपर्यंत पोचलेले नाते असे एकाएकी तोडवत नाही. आम्ही थांबलो, बाहेरची हवा बराच वेळ आतून येत राहिली. नंतर गबाळे हेड बुडविले. पाणी स्थिर राहिले. मिस्तरींनी दाब वाढविला, तरीही पाणी स्थिर राहिले. मग त्यांनी ते हेड बाहेर काढून, पुसून, पालथे करून व्हॉल्वच्या वाटांत रॉकेल भरले, आणि ते सीटवरून झिरपते का हे पाहत विडी न ओढता बसून राहिले. रॉकेल जवळ असताना विडी न ओढणे हा त्यांच्या व्यासंगाचाच एक भाग आहे. एका व्हॉल्वपाशी थोडे पाझरले. “एवढं घासून घेऊ,” ते म्हणाले, आणि चौकशीचे काम तेथे संपले.

अव्वल कारकुनांनी पंचनामा लिहिला, त्यावर आम्हा सर्वांच्या सह्या घेतल्या, आणि ‘हेडचा मूळ मालक’ या रकान्यात ‘निष्पन्न होत नाही’ असा शेरा मारून कागद दाखल दफ्तर केला. गबाळे हेड घेऊन आम्ही घाटनांदूरला परतलो. तेथे ‘नवेच घ्या’ पक्षाने ते पाहून दाजी फसल्याचे जाहीर केले, ‘जुनेच घ्या’ पक्षाने आपल्या पुतण्यांकडील माल याहून देखणा होता असे सांगितले, आणि मिस्तरींनी दोघांकडेही लक्ष न देता नवे गॅस्केट टाकून, बोल्ट मधून कडेकडे जात, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळले. टोळी ठरल्या दिवशी निघाली. हंगाम संपेपर्यंत हेडविषयी दाजींचा एकही फोन आला नाही, आणि आमच्या घराण्यात समाधान कळविण्याची हीच रीत आहे.

तेव्हा ज्यांच्यावर असा प्रसंग येईल, त्यांनी दुरुस्त केलेले हेड खुशाल घ्यावे. परंतु ज्याची दुरुस्ती उघड्या डोळ्यांना दिसते तेच घ्यावे, पट्टी लावून, जाडी मोजून आणि गरम पाण्यात बुडवून घ्यावे, आणि गॅस्केट मात्र नवेच घालावे. रंगावर जाऊ नये, नात्यावर जाऊ नये, छातीवर ठेवलेल्या हातावर तर मुळीच जाऊ नये. आणि हेड पाण्यात घालण्यास जो विक्रेता हरकत घेईल, त्याच्याकडील चहा तेवढा घेऊन परत यावे. चहाला हमी लागत नाही.